गोठ्यातली चाबी

महागू मिस्त्रीला वाचता येत नाही, हे कळायला मला सहा महिने लागले.

१९७० साली नागपूरहून मराठी घेऊन एम.ए. झालो आणि बालाघाटला घरी येऊन बसलो. वडील कचेरीत होते. त्यांची लँब्रेटा रोज काहीतरी कुरबुर करायची. ती ढकलत मी महागूच्या शेडवर जायचो. शेड गोंदिया रोडवर, रेल्वे फाटकाच्या अलीकडे. चार बल्ल्या, वर टिन. पाटी नव्हती. महागू तेव्हा चाळिशीचा होता. बारीक, काळा, कानावर अर्धी विडी. तो इंजिनावर लांब पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, टेकवायचा, मुठीला कान लावायचा आणि डोळे मिटायचा.

"याले सर्दी झाली," म्हणायचा. किंवा, "हा खोटं बोलून राह्यला. दुखते एकीकडे, कण्हते दुसरीकडे."

दुपारी काम नसलं की तो हिंदी पेपर उघडून बसायचा. एकदा मी पाहिलं, पेपर उलटा होता.

"महागूभाऊ, पेपर उलटा आहे."

"गाडी पलटली तिचा फोटो हाय," तो मान न वळवता म्हणाला. "उलटा धरला तं गाडी सरळ दिसते."

त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. पण त्या दिवसापासून तो पेपर माझ्याकडे सरकवायचा आणि मी मोठ्यानं वाचायचो.

शेडच्या मागच्या भिंतीशी ताडपत्रीखाली काहीतरी झाकलेलं होतं. मैत्री जमल्यावर त्यानं ते दाखवलं. आधी साबणानं हात धुतले. मग ताडपत्री ओढली.

दोन माणसांची गाडी होती. लांब नाक, बाहेर आलेले दोन दिवे, सायकलीसारख्या तारांची चाकं, पाठीवर बांधलेलं जादा चाक. छप्पर नव्हतं. अर्धा रंग लाल, अर्धा खरवडलेला. असली गाडी मी फक्त इंग्रजी मासिकात पाहिली होती. बालाघाटात ती असणं म्हणजे वैनगंगेच्या वाळूत जहाज सापडण्यासारखं होतं.

"एम.जी.," महागू म्हणाला. "विलायती. शर्यतीची जात."

"ही तुमच्याकडे कशी?"

त्यानं उजवा तळवा माझ्यापुढे धरला. मधोमध रुपयाएवढा गुळगुळीत डाग होता.

महागू लांजीकडचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या बैल. तरुणपणी तो खनिजाच्या ट्रकवर क्लीनर लागला. उकव्याहून मँगनीज भरायचं आणि घाट उतरून बालाघाटच्या रेल्वेवर ओतायचं. उकव्याच्या खाणीवर प्रिंगल नावाचा साहेब होता. त्याची ही गाडी. तेव्हा हिरवी. घाटात ती मागून यायची, ट्रकला वळसा घालून जायची आणि महागूच्या तोंडात धूळ भरायची. एके दिवशी ती वळणावर उभी दिसली. पाणी आटलं होतं. महागू डबा घेऊन धावला आणि घाईत त्यानं रेडिएटरचं झाकण तसंच उघडलं. वाफ तळव्यावर आली. साहेबानं आपला रुमाल त्याच्या हाताला बांधला, काहीतरी म्हणाला आणि निघून गेला.

"मग?"

"मंग काय. गेली. पण सही करून गेली ना," तो तळव्याकडे पाहत म्हणाला.

छप्पन साली साहेब आपल्या देशी गेला. गाडी कुठे गेली ते कोणाला ठाऊक नव्हतं. बारा वर्षांनी, अडुसष्टमध्ये, महागू किरनापूरला प्रेमलाल पटले यांच्या धानगिरणीवर ऑईल इंजिन दुरुस्त करायला गेला. गिरणीच्या मागे बेशरमाच्या झाडीत एक लाल गाडी पडली होती. कुत्रीनं आत पिल्लं घातली होती. महागूनं नखानं लाल रंग खरवडला. खाली पिवळा निघाला. पिवळा खरवडला. खाली हिरवा निघाला. तो तिथेच खाली बसला.

"घेऊन जाय ना," प्रेमलाल म्हणाले. "इंजिन दोन वर्सं माझ्या हलरले जोडलतं. धान कांडलं हिनं. बिजली आली, मंग काढून ठेवलं. तूच घे बाप्पा, जागा तरी मोकळी होईल."

"गुणाभाऊ," महागू मला म्हणाला, "शर्यतीची घोडी धान कांडत होती!"

त्यानं तिला दोन बैल जुंपून दोन दिवसांत बालाघाटला आणलं. चाबी मात्र प्रेमलालनं दिली नाही. हे ऐकून मला हसू आलं.

"फुकटात गाडी दिली आणि चाबी ठेवून घेतली? का?"

महागूला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "काहून म्हणजे? बैल विकला तं दावं कोणी देते का?"

मग त्यानं मला शिकवलं. बैल विकताना त्याच्या गळ्यातलं दावं काढून घेतात. घेणारा आपलं दावं आणतो. जुनं दावं गोठ्यात खुंटीवर राहतं, कारण त्याच्याबरोबर गोठ्याची बरकत जाते. प्रेमलालच्या घरी आधी बैल होते, मग गिरणी आली. गाडी दारातून निघाली तेव्हा त्यांना तिचं दावं कोणतं ते बरोबर कळलं.

"अन् हे पाहा." त्यानं गाडीच्या आतली लाकडी फळी दाखवली. तिच्यावर चाबीची दोन कुलपं होती. एक मूळचं, कारखान्यातलं. दुसरं शेजारी भोक पाडून बसवलेलं ट्रॅक्टरचं. "हे प्रेमलालशेठचं. पण हे साहेबाचं कुलूप, याचीबी चाबी नाही. म्हून तं शेठले दुसरं बसवा लागलं. साहेब लोक दावं ठेवत नाही. म्हणजे साहेब अन् शेठ यांच्यामंधी कोणीतरी होता. पिवळा रंग देणारा. अन् तो बैलवाला होता."

मी सहा वर्षं साहित्य शिकलो होतो. कोणी एका भोकातून इतकं वाचताना पाहिलं नव्हतं.

तीन वर्षं तो त्या गाडीवर काम करत होता. गिऱ्हाइकांची कामं संपली की. मिळेल ते भाग मिळवले, न मिळेल ते घडवले. लाकडी सांगाडा वाळवीनं खाल्ला होता, तो सागवानात पुन्हा केला. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात, चाबीऐवजी तारा जोडून, इंजिन सुरू झालं. शांताबाई, म्हणजे महागूची बायको, शेडमध्ये आली, हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाली, "तीन वर्सं झाली, सवत बोलली एकदाची."

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग मी अर्ज केला.

गाडी रस्त्यावर काढायची तर नोंदणी हवी. मी म्हटलं, रीतसर करू. मी हिंदीत दोन पानांचा अर्ज लिहिला. त्यात साहेब होता, घाट होता, हिरवा रंग होता, एका कारागिराची निष्ठा होती. मला तो फार आवडला होता. कार्यालयातून पंधरा दिवसांनी चार ओळींचं उत्तर आलं. नोंदणीचं मूळ बुक आणि पहिल्यापासून सर्व मालकांची साखळी पंचेचाळीस दिवसांत सादर करावी. अन्यथा वाहन लावारिस समजून जमा करण्यात येईल.

जमा झालेली वाहनं मी पाहिली होती. कार्यालयामागे जांभळाखाली उभी असतात. स्टिअरिंगवर दोडक्याचे वेल चढतात.

मी कागद वाचून दाखवला. महागूनं कानावरची विडी काढली, पेटवली नाही, परत ठेवली.

"माझ्यामुळे झालं," मी म्हणालो.

"तुमच्यामुळे कायले? अर्जी तं बम होती. शांतीच्या डोळ्याले पाणी आलतं." मग म्हणाला, "पिवळा पाह्यजे. पिवळा सापडला तं जमलं."

प्रेमलालना आम्ही विचारलं. त्यांनी गाडी एकसष्टमध्ये किरनापूरच्या बैलबाजारात घेतली होती. बैलांचा दलाल तिला बैल जोडून घेऊन आला होता. सौदाही बैलासारखाच झाला, धोतराच्या सोग्याखाली बोटं दाबून. मालकाचं नाव दलालानं सांगितलं नाही. कागद मागून येईल म्हणाला. मागून दलालच गेला.

"मी घेतली, वापरली, याले देली, असं लिहून देतो ना," प्रेमलाल म्हणाले. "अंगठा नाही, सही करतो. चाबी मात्र मागू नका."

"नाही जी," महागू म्हणाला. "चाबी कशी मागू."

मी नागपूरला गेलो. गाडी तिथे नोंदलेली होती. जुनी पाटी तेवढी शाबूत होती. पण छप्पनच्या नोव्हेंबरात राज्य फाटलं. नागपूर तिकडे गेलं, बालाघाट इकडे राहिलं. नागपूरचे वयस्कर कारकून भले होते. त्यांनी मला चहा पाजला आणि सांगितलं की तुमच्या जिल्ह्याच्या वह्या तुमच्याकडे गेल्या. मी जबलपूरला गेलो. तिथले कारकूनही भले होते. त्यांनीही चहा पाजला. म्हणाले, ती वही इकडे आलेली दिसत नाही. चूक कोणाची नव्हती. गाडी नेमकी शिवणीवर सापडली होती.

परत आलो तेव्हा वीस दिवस गेले होते.

"राज्यं फाटली," महागू म्हणाला. "माणसं तं नाही ना फाटली? माणसाले विचारू."

त्यानं गाडीचा डावा दरवाजा उतरवला आणि सायकलीच्या कॅरियरला बांधला. त्या दरवाजाच्या आत एक पट्टी होती. बाकीच्या विलायती लाकडाला वाळवी लागली होती, या पट्टीला नाही. धावड्याचं लाकूड, आणि खिळा-स्क्रू नाही; लाकडाचीच खुंटी ठोकलेली.

"हे मोटरवाल्याचं काम नाही, वाढयाचं हाय. बंडीच्या चाकाचा जोड हाय हा. ज्यानं हा जोड मारला त्याले पिवळा मालूम असन."

मग आम्ही बाजार धरले. एका सायकलीवर दरवाजा, दुसऱ्या सायकलीवर मी. ज्या गावी बाजार, तिथल्या बैलबंडी बनवणाऱ्या सुतारापुढे, म्हणजे वाढयापुढे, महागू दरवाजा ठेवायचा. लोक गोळा व्हायचे.

"काय विकून राह्यला, मिस्त्री?"

"दरवाजा."

"अन् घर?"

"घर पसंत पडलं तं मंग पाहू."

दोन बाजार कोरडे गेले. तिसरा रामपायलीचा. तिथला पुनाराम वाढई बंडीच्या आऱ्या तासत होता. त्यानं दरवाजा हाती घेतला. खुंटीवरून अंगठा फिरवला. लाकडाचा वास घेतला.

"हा तं माझा हात हाय," तो म्हणाला. "कोठून आणला रे?"

महागू त्याच्यासमोर उकिडवा बसला. मी सायकल धरून उभा होतो.

"दादाजी पाटलाच्या पोराची वरात होती," पुनाराम सांगू लागला. "पिवळी गाडी. नवरदेव बसला, दरवाजा लावाले गेला, अन् दरवाजाच हातात आला! तिकडे नवरी मंडपात. वाजंत्री वाजवू वाजवू थकले. म्या अर्ध्या तासात पट्टी टाकली. बाकी गाडी मोडन, म्हटलं, हे नाही मोडनार."

"नाही मोडली," महागू म्हणाला आणि त्याच्या पाया पडला.

दादाजी पाटील चौसष्टमध्ये गेले होते. पोरगा भिलाईच्या कारखान्यात होता. घरी त्यांची बायको शेवंताबाई आणि तीन बैल.

आम्ही गेलो तो पोळ्याचा आदला दिवस होता. शेवंताबाई गोठ्यात बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळत होती. सत्तरीची असावी. हाडापेरानं मोठी, आवाज त्याहून मोठा.

"गाडी? होती बाप्पा. बुढ्यानं साहेबापासून घेतली, पोराच्या लग्नासाठी. पिवळी करून घेतली. मंग काय, पाणी पडलं की चिखलात बसे. बैलानं ओढून काढा लागे. बैल जुंपा लागू नये म्हून घेतलेली गाडी बैलच ओढत होते. पोरगा भिलाईले गेला, बुढ्यानं विकून टाकली."

"कागद?" मी विचारलं.

"कागद-फिगद काही नाही."

महागूचं मात्र आमच्याकडे लक्ष नव्हतं. तो गोठ्याच्या भिंतीकडे पाहत होता. भिंतीवर ओळीनं खुंट्या होत्या. प्रत्येक खुंटीवर एकेक जुनं दावं.

"हे कोणाचं, बाई?"

"ढवळ्याचं."

"अन् हे?"

"मोऱ्याचं. त्याच्या बाजूचं पवळ्याचं. लय मारका होता."

शेवटच्या खुंटीवर दावं नव्हतं. पिवळ्या फडक्याची पुरचुंडी होती.

"अन् हे?"

"थे तिचंच," शेवंताबाई म्हणाली. "गाडीचं. बैल विकला तं दावं ठेवतो, गाडी विकली तं हे ठेवलं. दर पोळ्याले हळद लावतो."

तिनं पुरचुंडी सोडली. आत एक लहानशी चाबी होती, आणि तिच्याखाली नोंदणीचं बुक. दहा पोळ्यांची हळद लागून पानं पिवळी झाली होती. दादाजींच्या लेखी तो कागद नव्हता. ते दावं होतं. म्हणून ते त्यांनी गाडीबरोबर दिलं नव्हतं, आणि म्हणूनच ते शिल्लक राहिलं होतं.

महागूनं खिशातून साहेबाचं कुलूप काढलं. फळीतून खोलून तो ते आठवडाभर खिशात घेऊन फिरत होता.

"लावून पाहू, बाई?"

तिनं स्वतःच चाबी घातली आणि फिरवली. टक्. गोठ्यातले बैलही क्षणभर रवंथ करायचे थांबले असं मला वाटलं.

मी बुक उघडलं. पहिल्या पानावर प्रिंगल साहेब. दुसऱ्यावर छप्पन सालची बदली, शाईत, शिक्क्यासह: दादाजी वल्द सीताराम, मौजा रामपायली. मी मोठ्यानं वाचलं.

"पुन्हा वाच," शेवंताबाई म्हणाली.

"कोणतं?"

"बुढ्याचं नाव."

मी वाचलं. तिनं पदर सावरला. इतकी वर्षं ती त्याला हळद लावत होती. आत नवऱ्याचं नाव आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

मला धीर आला. मी सगळी हकिकत सांगितली. नोटीस, मुदत, जांभळाखालच्या गाड्या. शेवटी म्हणालो, "आजी, हे बुक आम्हाला द्याल का?"

"दावं कोणी देते का?" ती म्हणाली.

"नाही देत," महागू लगेच म्हणाला.

मी थक्क होऊन त्याच्याकडे पाहिलं. त्यानं कुलूप खिशात टाकलं, पुरचुंडी बांधून खुंटीला अडकवली, बैलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि निघाला.

रस्त्यात मी भांडलो. "महागूभाऊ, नऊ दिवस उरलेत. दाखवून परत आणतो म्हणालो असतो."

"अन् बाबूनं ठेवून घेतलं तं?"

"ठेवून घेतलं तर घेतलं!"

तो सायकलीवरून उतरला. चंदन नदीच्या पुलावर आम्ही उभे राहिलो. "गुणाभाऊ, बुढीच्या घरी तीन बैल राह्यले. उद्या एखादा मेला तं तिले काय वाटन? माझं दावं गेलं म्हून मेला. तुम्ही म्हणसान, असं काही नसते. नसन बी. पण तिले वाटन ना. तिची दावण मोडून मी गाडी फिरवू?"

खाली नदी भरून वाहत होती.

घरी शांताबाई तांदूळ निवडत होती. महागू हातपाय धुऊन बसला. मीच तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि खडे बाजूला टाकत होती.

"तुमाले दावं मागता नाही येत," ती शेवटी म्हणाली.

"येते कोणाले?" महागू म्हणाला.

"तुम्ही आजवर बैल विकणारे पाह्यले. लेकीले गाय आंदण देणारे नाही पाह्यले? तवा दावं सोडून ठेवतात का? लेकीले देतात तं दाव्यासगट देतात. गाय दुसऱ्या घरी जात नसते थे, एकाच घरच्या दोन गोठ्यात राह्यते."

महागूनं तिच्याकडे असं पाहिलं जसं त्यानं प्रेमलालच्या गिरणीमागे हिरव्या रंगाकडे पाहिलं असेल.

"पण तिले लेक नाही," तो म्हणाला.

"मले कोठे माय हाय?"

तिसऱ्या दिवशी ती निघाली. महागू आला नाही. "जावई आंदण मागाले जात नसते," म्हणाला आणि शेडमध्ये जाऊन बसला. मी बसनं तिच्याबरोबर गेलो. तिनं एक नारळ आणि स्वतःच्या हातच्या, पळसाच्या पानात भाजलेल्या पानरोट्यांचे डबे घेतले होते.

शेवंताबाई ओसरीवर होती. "कोठची व तू?"

"बालाघाटची. पोळ्याच्या आदल्या दिशी मिस्त्री आलता ना, त्याची बायको."

"त्यानं पाठवलं का तुले?"

"त्याले पाठवता आलं असतं तं तोच नसता आला? मी आपलीच आलो. तुमाले लेक नाही म्हणतात. मले माय नाही. लहानपणीच गेली."

शेवंताबाईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बुकासाठी लेक झाली का व?"

"हौ," शांताबाई म्हणाली. "बुकासाठीच आलो. पण झालो तं पुरी होईन."

मी डोळे मिटून घेतले. वाटलं, संपलं. आणि म्हातारी हसायला लागली. खांदे हलवून, पदरानं तोंड झाकून, थांबतच नव्हती.

"गोड बोलली असती तं हाकलून देली असती," ती म्हणाली. "बस. आंग धुऊन ये. लेक माहेरी आली तं उपाशी नाही जात."

दुपारी तिनं शांताबाईला पाटावर बसवलं. तिच्यासाठी घेतलेलं लुगडं नव्हतं, सुनेसाठी आणून ठेवलेलं काढलं. ओटीत तांदूळ घातले, हळकुंड, सुपारी आणि त्यावर ती पिवळी पुरचुंडी ठेवली. मग बोट रोखून म्हणाली, "एक सांगून ठेवतो. गाय आंदण देली तरी पोळ्याले घरची दावण पाहाले येते. दर पोळ्याले तिले आणा लागन."

"पुढच्या पोळ्यापर्यंत चालती झाली पाह्यजे," शांताबाई म्हणाली.

"नाही चालली तं बैल जोडून आणजो. तिले सवय हाय."

मुदतीच्या दोन दिवस आधी आम्ही कार्यालयात गेलो. शेवंताबाईचा वारस म्हणून अंगठा, प्रेमलालची सही, मूळ बुक. बाबूनं पान उलटलं आणि बोटं पाहिली. पिवळी झाली होती.

"ये क्या लगा है?"

"हल्दी है, साहब," महागू म्हणाला. "दस साल पूजा हुई है इसकी."

बाबूनं एकदा बुकाकडे आणि एकदा आमच्याकडे पाहिलं. त्यानं बोटं पुसली नाहीत. साहेब, पाटील, शेठ, मिस्त्री अशी नावं त्यानं एकाखाली एक उतरवली. तपासणी झाली. बुक दीड महिना तिथेच राहिलं. तेवढे दिवस महागू रोज मला विचारायचा, "बुढीचे बैल बरे हायेत ना?" मी दोनदा रामपायलीला जाऊन पाहून आलो. बरे होते.

गाडीला नवा नंबर मिळाला. महागूनं तिला पुन्हा हिरवा रंग दिला. फक्त बोनेटच्या आतल्या बाजूला चार बोटं जागा तशीच ठेवली. तिथे हिरवा, पिवळा आणि लाल, तिन्ही थर उघडे दिसत. "हे तिचं खरं बुक," तो म्हणाला. "हे मलेबी वाचता येते." फळीवर साहेबाचं कुलूप परत बसलं. प्रेमलालच्या कुलपाचं भोक त्यानं बुजवलं नाही. म्हणाला, तोबी धनी होता.

बहात्तरच्या पोळ्याला आम्ही रामपायलीला गेलो. पुढे महागू आणि शांताबाई, मागे लँब्रेटावर मी. वाटेत दोनदा चिखलात बसलो. दुसऱ्यांदा बैलांनी काढलं. गावच्या आखरावर, म्हणजे गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, तोरणाखाली बैल उभे होते. लोकांनी ओळीत जागा करून दिली. पुनाराम वाढई गर्दीतून आला, डावा दरवाजा दोनदा उघडून लावून पाहिला आणि परत गेला. मग कोणीतरी झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, म्हटली:

चार पायांचे बैल आले, चार चाकांचा गोऱ्हा,
शिंगं नाही, शेपूट नाही, तरी केवढा तोरा!

सगळा आखर हसला. महागूही हसला, पण एक हात त्यानं बोनेटवर ठेवला होता, बैल बुजू नये म्हणून ठेवतात तसा.

तोरण तोडून बैल सुटल्यावर गाडी दादाजी पाटलांच्या दारात उभी राहिली. शेवंताबाईनं तिची चारही चाकं धुतली, दिव्यांना हळद लावली.

"बसा ना, माय," शांताबाई म्हणाली.

"मी? पोराच्या वरातीत मी मांगून चालत होतो."

"म्हून तं."

तिला बसवायला दोघं लागले. महागूनं चाबी तिच्या हातात दिली. तिनं ती फिरवली. इंजिन गुरगुरलं तसं तिनं दोन्ही हातांनी दरवाजा धरला आणि "अजी, हळू!" म्हणाली. गाडी अजून जागची हलली नव्हती. मग ती गावातून नदीपर्यंत जाऊन आली. सगळे लोक मागून चालत होते.

निघताना महागू गोठ्यात गेला. मी त्याच्या मागे गेलो. शेवटची खुंटी वर्षभर रिकामी होती. त्यानं पिशवीतून गाडीची जुनी पाटी काढली, नागपूरच्या नंबराची, आणि त्या खुंटीला अडकवली. शेवंताबाई दारात येऊन उभी होती. तिनं पाटीवरून हात फिरवला.

"काय लिहिलं हाय रे यावर?"

तिनं मला विचारलं नव्हतं, त्याला विचारलं होतं. महागूनं पाटी जरा सरळ केली आणि डोळे बारीक करून पाहिलं.

"लिहिलं हाय, माय," तो म्हणाला, "पुढच्या पोळ्याले येजो."